इस्मेने दिलेला शब्द

चॅपलटाउनमध्ये कुणी गेलं की पहिला फोन पाद्रीसाहेबांना जायचा आणि दुसरा इस्मे लिबर्डला. गाडी, फुलं, जेवण हे सगळं त्यानंतर. फोन करणारा आधी रडून घ्यायचा. इस्मे त्याला रडू द्यायची आणि मग विचारायची, "कुठलं गाणं सांगून ठेवलं होतं, आठवतंय का? थांब, माझ्याकडे चिठ्ठी असेल."

चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. लीड्सच्या त्या वस्तीत कॅरिबियनमधल्या नेविस आणि सेंट किट्स बेटांवरून आलेली म्हातारी माणसं तिला कुठेही गाठायची. चर्चच्या पायरीवर, भाजीच्या दुकानात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. "इस्मे, माझ्या मातीला अमुक गाणं वाजवायचं हं. आणि रडकं नको, ठेक्यात." ती पर्समधून कागद काढून लिहून घ्यायची. एका बाईंनी तीनदा गाणं बदललं, तेव्हा इस्मे त्यांना म्हणाली, "आता पुन्हा बदलायचं असेल तर जायच्या आधी आठ दिवस कळवायचं. मुलांना बसवायला वेळ लागतो."

ती स्वतः पॅन वाजवत नव्हती. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट करायचा, त्यात एकेक सूर बसवायचा आणि रबर लावलेल्या दोन काड्यांनी तो बोलता करायचा, हे तिने चव्वेचाळीस वर्षं जवळून पाहिलं. काड्या मात्र हातात धरल्या एकदाच. तेव्हा ओस्रिक पेम्बर्टन पाच मिनिटं ऐकून म्हणाला होता, "इस्मे, तुझं अक्षर फार सुंदर आहे. तू पत्रं लिही."

ओस्रिक समोरच्या घरात राहायचा. तो बसडेपोत मेकॅनिक होता. १९७४ साली त्याने तळघरात चार पॅन घडवले, आणि ते घडवण्याच्या आवाजाने शेजारी इतके पिसाळले की आठवड्यात दोनदा पोलीस आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा इस्मे कपड्यांच्या कारखान्यातून नुकतीच घरी येत होती. दिवसभर पँटचे खिसे शिवून पाठ मोडली होती, कॉलरला अजून टाचण्या टोचलेल्या होत्या. ती रस्ता ओलांडून सरळ पोलिसासमोर उभी राहिली. "याला पकडून नेलंत तर हा तुमच्या चौकीत वाजवील. त्यापेक्षा मला दोन दिवस द्या."

दोन दिवसांत तिने दोन गल्ल्या पलीकडचा चर्चचा हॉल मिळवला. मंगळवार आणि गुरुवार, सहा ते आठ. बदल्यात हॉलची चहाची भांडी आम्ही घासू, असं ती तिथल्या पाद्र्यांना सांगून आली होती. ती आणि ओस्रिक दोघेही नेविस बेटावरच्या जिंजरलँडचे, म्हणून बँडचं नाव पडलं 'जिंजरलँड पॅन'. पहिले काही महिने पॅन हॉलपर्यंत जायचे ते इस्मेच्या मुलीच्या जुन्या बाबागाडीतून. रस्त्यात लोक वाकून बाळ बघायला यायचे आणि दचकायचे.

मुलं आली, मुली येईनात. आया दारातच अडवायच्या. "पॅन? तो दारुड्यांचा उद्योग. बेटावर त्यापायी पोरांना फोकाने मारायचे. आणि माझी मुलगी?" इस्मे डोक्यावरची रविवारची टोपी नीट करायची आणि म्हणायची, "मी स्वतः घेऊन जाईन आणि स्वतः आणून सोडीन. माझ्याकडे बघून मी पिते असं वाटतं का?" पुढे पुढे ती अकरा मुलींची रांग घेऊन रस्त्याने जायची. मग शाळा. एका मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं की आमच्याकडे संगीत आहे, व्हायोलिन आहेत. "असू देत की," इस्मे म्हणाली, "त्यांना कशाला हलवायचं? आम्हाला जिन्याखालची जागा द्या." जिन्याखालच्या जागेपासून सुरुवात होऊन नऊ शाळांमध्ये पॅन शिकवला जाऊ लागला, तो तिच्या त्या सुंदर अक्षरामुळे आणि दारात ठाण मांडून बसण्यामुळे.

मातीला पॅन वाजवायची पद्धत पडली ती १९८३ साली. बँडमधला केल्विन टायसन नावाचा बावीस वर्षांचा मुलगा मोटरसायकलवरून पडून गेला. आमच्याकडे कबर आपली माणसंच बुजवतात; कोट काढून, बाह्या सारून, फावडी हातोहात फिरतात आणि अर्धा-पाऊण तास बायका गात राहतात. त्या दिवशी केल्विनच्या आईला मातीचा आवाज सहन होईना. ती कानांवर हात ठेवून खाली बसली. इस्मेने ओस्रिककडे पाहिलं. गाडीत पॅन होते. ते गवतावर मांडले गेले आणि खड्डा भरेपर्यंत वाजत राहिले. केल्विनच्या आईने कानांवरचे हात काढले. त्यानंतर जिंजरलँड पॅनने वस्तीतली किती माणसं पोचवली याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

या सगळ्यात एक माणूस कधीच नव्हता. तो म्हणजे तिचा नवरा.

वायक्लिफ लिबर्ड ओतकामाच्या कारखान्यात होता. उंच, शांत, होलिनेस चर्चमधला वडीलधारा. इस्मे त्याला घरात नुसतं लिबर्ड म्हणायची आणि बाहेर मिस्टर लिबर्ड. त्याने तिला कधी अडवलं नाही. एवढंच की तो कधी आला नाही. मंगळवारी आणि गुरुवारी ती त्याचं ताट गरम पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवून जायची. परत यायची तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं आणि तो खिडकीजवळच्या खुर्चीत बायबल घेऊन बसलेला असायचा. "झालं?" तो विचारायचा. "झालं," ती म्हणायची. चर्चला पॅन पटत नाही, म्हणून याला पटत नाही, असं तिने धरून टाकलं. पुढे चर्चचं मत बदललं, पाद्रीसाहेबांनीच ईस्टरला बँड बोलावला. त्या दिवशी वायक्लिफला सर्दी झाली.

त्यांना दोन मुलं. एल्डन टोरोंटोला गेला तो तिथलाच झाला. मर्वा लीड्समध्येच शिक्षिका झाली. मर्वा पॅनवर वाढलेली. सोळाव्या वर्षी तिने शहरातल्या मोठ्या सभागृहात एकटीने वाजवलं, आणि लोक उभे राहिले. तिने पहिल्या रांगेत वडिलांसाठी खुर्ची धरून ठेवली होती, तिच्यावर स्वतःचा कोट टाकून. कार्यक्रम संपला तेव्हा कोट तसाच होता. घरी आली तर वायक्लिफ मागच्या दारात बसून घरातल्या सगळ्यांचे बूट पॉलिश करत होता. तिचेही.

"छान झालं का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" मर्वा म्हणाली आणि वर निघून गेली. तेव्हापासून ती वडिलांशी नीटच वागायची, पण पाहुण्यासारखी.

वायक्लिफची छाती २०१७ च्या हिवाळ्यात बसली. ओतकामाची धूळ चाळीस वर्षं आत साठली होती, ती आता बोलायला लागली. नाताळनंतर पलंग खाली पुढच्या खोलीत आणला, ऑक्सिजनचं यंत्र आलं. आणि इस्मेने, जिने मुलांच्या गोवर-कांजिण्यांतसुद्धा मंगळवार चुकवला नव्हता, हॉलची किल्ली ओस्रिकच्या हातात दिली.

"किती दिवस?" ओस्रिकने विचारलं.

"लागतील तितके."

ओस्रिक तेव्हा ऐंशीचा. गुडघे गेलेले, कान अर्धे. त्याला पत्रं लिहिता येत नव्हती, फोनवर नीट ऐकू येत नव्हतं. दोन शाळांनी फेब्रुवारीत वर्ग बंद केले. सूर लावणारा माणूस लंडनहून यायचा, त्याला कुणी बोलावलं नाही, आणि थंडीत पॅन बेसूर होत गेले. मार्चमध्ये वेरोना फिप्स गेली. इस्मेची कारखान्यातली मैत्रीण, बावीस वर्षं शेजारच्या मशीनवर बसलेली. तिची चिठ्ठी डब्यात होती. पण त्या दिवशी वायक्लिफला रुग्णालयात हलवावं लागलं होतं, आणि इस्मेला निरोप कळला तो माती झाल्यावर चौथ्या दिवशी. वेरोनाला टेपवरचा ऑर्गन वाजवून पोचवलं होतं. इस्मेने चिठ्ठी काढली, वाचली आणि पुन्हा डब्यात ठेवली. फेकायची कशी, ते तिला समजेना.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती घरी परत आणलेल्या वायक्लिफला मक्याच्या पिठाची पेज भरवत होती. त्याने चमचा हाताने बाजूला केला.

"आज मंगळवार ना?"

"हो."

"गेली नाहीस."

"अजून तीनच वाजलेत. आणि मी जात नाही हल्ली, लिबर्ड. तुला माहीत आहे."

तो बराच वेळ यंत्राचा आवाज ऐकत पडला. मग म्हणाला, "हे मंगळवार मला तेव्हा हवे होते. आता मला मंगळवार काय आणि शुक्रवार काय."

इस्मेने चमचा पेजेत ठेवला.

"एक सांगतो. माझ्या मातीला तो वाजवायचा नाही. गायचं तर तोंडाने गा."

"बरं."

"बरं नको. शब्द दे."

"दिला. पण का रे? इतका राग आहे तुला त्याचा?"

"राग?" तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. तिने त्याला धरून बसवलं. खोकला थांबल्यावर तो तिच्याकडे न बघता बोलला. प्रत्येक दोन शब्दांनंतर त्याला थांबावं लागत होतं. "मी त्या खुर्चीत बसायचो. खिडकी उघडली की हॉलमधलं सगळं इथे येतं. चुकतात कुठे, थांबतात कुठे, ओस्रिक कधी ओरडतो, सगळं. आणि मला वाटायचं, ते बघ, माझी बायको तिथे आहे. माझी मुलगी तिथे आहे. इतकी वर्षं तो आवाज म्हणजे माझ्यासाठी रिकामं घर. जाताना मला तो नको, इस्मे. बस."

"मग यायचं होतंस," ती म्हणाली. "दोन गल्ल्या."

"तू कधी बोलावलंस?"

तिने आठवून पाहिलं. पहिल्या वर्षी बोलावलं होतं. नक्की बोलावलं होतं. दुसऱ्या वर्षी? तिने अख्ख्या वस्तीची दारं ठोठावली होती. मुख्याध्यापकांच्या दारात बसून राहिली होती. घरच्या दाराबद्दल तिला काही आठवेना. ती उठली आणि पेज पुन्हा गरम करायला स्वयंपाकघरात गेली. पेज गरमच होती.

वायक्लिफ मे महिन्याच्या बारा तारखेला सकाळी गेला. ती त्याचा हात धरून होती.

पाद्रीसाहेबांना फोन मर्वाने केला. मग आईसमोर येऊन बसली. "मी ओस्रिकअंकलशी बोलते. जुने सगळे येतील. ब्रॅडफर्डहूनसुद्धा येतील. पॅन बेसूर झालेत, पण आठवड्यात करून घेऊ."

"पॅन नाही," इस्मे म्हणाली.

"काय?"

"तुझ्या डॅडींनी नको म्हटलंय. मी शब्द दिलाय."

मर्वा उभी राहिली. पन्नास वर्षांची बाई, पण चेहरा अगदी त्या सोळा वर्षांच्या मुलीचा झाला. "मम्मी, तू अर्ध्या चॅपलटाउनला पॅन वाजवून पोचवलंस. जे तुझे कुणी नव्हते त्यांनासुद्धा. आणि स्वतःच्या नवऱ्याला मुक्यानं नेणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे."

"लोकांचं जाऊ दे, मग माझं ऐक. तो माणूस एकदाही आला नाही. एकदाही! मला एकदा त्यांच्यासमोर वाजवायचंय. आता तरी कुठे उठून जाणारेत ते?"

इस्मेच्या ओठांवर आलं होतं. खिडकी, खुर्ची, सगळं. पण ते सांगायचं म्हणजे तो इतकी वर्षं एकटा बसत होता हे सांगायचं, आणि तिला ते कळलं नव्हतं हेही. तिला ते तोंडाबाहेर काढवेना. "त्यांनी नको म्हटलंय," ती पुन्हा म्हणाली. "नको म्हणजे नको."

"मेल्यावरही त्यांचंच चालणार," मर्वा म्हणाली आणि कोट उचलून गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं, पाहुणे लावतात तसं.

मातीला सगळी वस्ती आली. जिंजरलँड पॅनचे जुने लोक काळ्या कोटांत एका बाजूला उभे होते. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. कुणी खिशात घालत होतं, कुणी टोपी फिरवत होतं. पेटी खाली गेली. कोट उतरले, फावडी फिरली. बायकांनी गीत धरलं. पहिलं गीत जोरात झालं. दुसऱ्याला म्हाताऱ्या बायकांचे श्वास पुरेनात. नव्या पिढीला शब्द येत नव्हते. पॅन असायचा तेव्हा शब्दांची गरज पडत नव्हती. तिसरं गीत अर्ध्यात विरलं, आणि पुन्हा कुणी धरेना.

मग राहिला फक्त मातीचा आवाज. फावडं खुपसलं जायचं, वर यायचं, आणि ओली चिकणमाती खाली पडायची. ओस्रिकच्या हातात फावडं आलं, त्याने गुडघ्यांची पर्वा न करता सहा-सात वेळा माती टाकली. सगळे इस्मेकडे बघत होते. आत्ता तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. हॉल काही लांब नव्हता, कुणीतरी धावत जाऊन निदान एक पॅन आणला असता. इस्मे ताठ उभी राहिली. केल्विनच्या आईला काय झालं होतं ते तिला आज, पस्तीस वर्षांनी, कळलं. पण तिने हात कानांवर नेले नाहीत.

मर्वा खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. नंतर हॉलमध्ये बोकडाचं कालवण आणि मैद्याचे तळलेले जॉनीकेक वाढले तेव्हा ती नव्हती.

त्यानंतर ती सहा आठवडे आली नाही. रविवारी फोन यायचा. "बरी आहेस? औषधं घेतलीस? काही आणायचंय?" आणि बंद.

इस्मेने हॉलची किल्ली परत घेतली नव्हती. ओस्रिक आणि उरलेली पाच-सहा जणं मंगळवारी जमत होती हे तिला ठाऊक होतं. जूनमधल्या एका मंगळवारी तिने एकटीसाठी ताट वाढून घेतलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत ती लग्न झाल्यापासून कधी बसलीच नव्हती. खिडकी उघडली. सहा वाजून गेल्यावर सुरू झालं. बेसूर, तुटक, पण स्पष्ट. मधेच थांबायचं, ओस्रिक ओरडायचा, पुन्हा पहिल्यापासून. ती ज्या आवाजाच्या आत इतकी वर्षं बसली होती, तो बाहेरून असा ऐकू येतो हे तिला माहीतच नव्हतं. कुणीतरी कुठेतरी एकत्र जमलंय आणि आपण त्यात नाही, एवढंच तो सांगत होता. जेवण गार झालं. आठ वाजता आवाज थांबला, आणि ती आपोआप दाराकडे बघत राहिली. कुणी येणार नव्हतं. उठून तिने ताट धुतलं, पालथं घातलं.

जुलैत ओस्रिक काठी टेकत आला. कबरीवरचा दगड करणाऱ्याचा कागद टेबलावर पडला होता. त्याने चष्मा लावून वाचला.

"खाली जागा सोडायची म्हणतोय. तुझ्या नावासाठी."

"दोघांची जागा आहे ती. तेव्हाच घेतली."

"बरं झालं, विषय निघाला." ओस्रिक खुर्चीत टेकला. "तू सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेतल्यास. तुझी कुठाय? मी काही फार दिवस नाही, सांगून ठेव. पोरांना बसवून देतो."

"माझी नाही."

"नाही म्हणजे?"

"एकाच कबरीत जाणार मी, ओस्रिक. माझ्यावर वाजवला म्हणजे त्याच्यावर वाजवला."

ओस्रिकला नीट ऐकू आलं नाही, तिला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. मोठ्याने सांगताना ते जास्त वाईट वाटलं. त्याने काठी जमिनीवर आपटली. "अगं बाई! ज्या बाईने या गावाला पॅन ऐकायला लावला, तिला फावड्याच्या आवाजावर नेऊ? माझं थोबाड कुणाला दाखवू मी?"

"तू आधी जाशील. तुला नाही दाखवावं लागणार."

तो हसला. मग दोघंही हसली, आणि हसता हसता ओस्रिकच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लिबर्ड हट्टी होता, पण वाईट नव्हता," तो म्हणाला. "एकदा हॉलबाहेर दिसला होता मला. पाऊस होता. छत्री घेऊन उभा. मी म्हटलं, आत ये. म्हणाला, इस्मेला छत्री द्यायला आलोय, देऊन टाक. आणि गेला."

"मला नाही सांगितलंस."

"छत्री दिली की तुला. तू म्हणालीस, बरं झालं, आणि पॅन झाकायला वापरलीस."

त्या संध्याकाळी तिने मर्वाला स्वतः फोन केला. "ये. फोनवर सांगण्यासारखं नाही." मर्वा आली, कोट न काढता बसली. इस्मेने सगळं सांगितलं. एप्रिलमधली दुपार, मंगळवार, खिडकी, तो काय म्हणाला ते, आणि आपण काय आठवू शकलो नाही तेही. सांगताना ती स्वतःला सांभाळून घेत नव्हती.

मर्वाने कोट काढून मांडीवर घेतला. मग तिने विचारलं, "म्हणजे ते ऐकत होते?"

"दर मंगळवारी. दर गुरुवारी."

"मी शिकत होते तेव्हापण? तो एक तुकडा मला तीन महिने येत नव्हता, तोपण?"

"चुकतात कुठे ते माहीत आहे म्हणाले."

मर्वाने तोंडावर हात धरला. इस्मेने तिला जवळ घेतलं. "मला आधी का नाही सांगितलंस, मम्मी?" मर्वा तिच्या खांद्यात म्हणाली. "मी त्यांना मातीत ठेवताना शिव्या देत होते. मनात. सगळा वेळ."

इस्मे लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या ऑगस्टमध्ये वस्तीच्या दरवर्षीच्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत पहिल्यांदाच जिंजरलँड पॅनची गाडी नव्हती. सप्टेंबरपासून मर्वा मंगळवारी हॉलवर जाऊ लागली. इस्मेने पत्रं लिहिली. नऊपैकी चार शाळा परत आल्या. सूर लावणारा लंडनहून आला आणि पॅनची अवस्था बघून आधी अर्धा तास नुसता बडबडला. इस्मे मात्र गुरुवारीच जायची. मंगळवारी ती घरी बसायची. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, मंगळवार माझा नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ओस्रिक झोपेत गेला. फोन इस्मेलाच आधी आला, पाद्रीसाहेबांच्याही आधी. तिने सगळं जातीने केलं. ब्रॅडफर्डला, हडर्सफील्डला फोन झाले, जुने वाजवणारे आले, शाळांतली मुलं आली. दफनभूमीत गवतावर एकवीस पॅन मांडले गेले. इतके तिने तिथे पूर्वी कधीच पाहिले नव्हते. मर्वा पुढे उभी राहिली. फावडी फिरायला लागली आणि पॅन सुरू झाला, ओस्रिकला हवा होता तसा, ठेक्यात.

इस्मे नेहमी कबरीच्या डोक्याशी उभी राहायची. ढीग सारखा झाला, फुलं ठेवून झाली, की ती हात वर करायची आणि पॅन थांबायचा. त्या दिवशी दुसऱ्या गाण्याच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं, की वायक्लिफ इथून फक्त अकरा ओळी पलीकडे आहे. आवाज तिथपर्यंत जाणार. तिने शब्द त्याच्या मातीपुरता दिला होता, ओस्रिकच्या मातीचा नाही. पण तो ऐकतोय आणि आपण पुन्हा इकडेच आहोत, हे तिला सोसेना.

ती गर्दीतून बाहेर पडली. चर्चचे बूट ओल्या गवतात रुतत होते. दगड अजून लागला नव्हता, नुसती लाकडी पाटी होती. तिने पर्स खाली ठेवली आणि पाटीला धरून उभी राहिली.

"मी इथे आहे, लिबर्ड," ती म्हणाली. "वाजू दे त्यांना. मी इथेच आहे."

तिकडे खड्डा भरला, ढीग थापून सारखा झाला, फुलं ठेवून झाली. वाजवणारे हात वर होण्याची वाट बघत होते, आणि हात वर करणारं कुणी नव्हतं. मर्वाने मान वळवून शोधलं. आधी आई दिसेना, मग दिसली. लांब, एकटी, करड्या कोटात, वडिलांच्या पाटीशी वाकलेली. बाजूच्या माणसाने भुवया उंचावून विचारलं, थांबायचं का? मर्वाने नाही म्हणून मान हलवली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या खेपेला तिने ते जरा हळू वाजवलं.